ग्रीक सरांचे डबे

प्रिय इरा आणि नील,

परवा फोनवर नील म्हणाला की त्याच्या शाळेत निर्वासितांसाठी कपडे गोळा करतायत आणि त्याने आपला निळा कोट दिला. मी विचारलं, "कोणता? दोन बटणं तुटलेला?" तो म्हणाला, "हो आजी, तसाही मला तो नकोच होता." मी रागावले नाही. पण फोन ठेवल्यावर मला ग्रीक सरांची इतकी आठवण झाली की निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून मी कागद शोधायला लागले. आजोबा म्हणाले, "आधी भाजी कर. सर काही पळून जात नाहीत." भाजी केली, जेवणं झाली, ओटा पुसला. आता लिहिते आहे.

मराठी सोपं लिहीन. अडेल तिथे आईला विचारा. आईला अडलं तर मला फोन करा. तिलाही अडेल, मी तिला ओळखते.

ग्रीक सर ग्रीक नव्हते, नागपूरचे होते. मस्कतमधल्या वादी कबीरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि ते इतिहास. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. दार्सैतमध्ये घरंही एकाच इमारतीत, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि ते तळमजल्यावर. म्हणजे सुटका नव्हतीच. त्यांचं खरं नाव लिहीत नाही. मुलांनी दिलेलं नावच त्यांना जास्त शोभायचं, आणि त्यांनाही ते माहीत होतं. एखादं लहान मूल चुकून तोंडावर "ग्रीक सर" म्हणालं तर ते न रागावता मान किंचित झुकवायचे, पदवी मिळाल्यासारखे.

हे ग्रीस त्यांच्या मागे लागलं ते एका पंक्चरमुळे. नागपूरला एम. ए. करत असताना प्राध्यापकांनी प्रबंधाचे विषय वाटले. त्या दिवशी यांची सायकल पंक्चर झाली आणि हे उशिरा पोचले. तोवर भोसल्यांचं राज्य, पेशवाई, कापूसगिरण्या, सगळं संपलं होतं. उरला होता तो एकच विषय, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने ग्रीक निर्वासितांना केलेली मदत. दुसरा कुणी वैतागला असता. हे त्या विषयाच्या प्रेमात पडले, पुढे डॉक्टरेटच्या प्रबंधालाही तोच घेतला. लग्न मात्र राहून गेलं. आजोबांचं म्हणणं, दोन्ही गोष्टींचा संबंध आहे.

तो विषय मी तुम्हाला थोडक्यात सांगते. सरांनी तो थोडक्यात कधीच सांगितला नाही. दोनशे वर्षांपूर्वी ग्रीक लोक तुर्कांच्या राज्याविरुद्ध लढत होते. गावंच्या गावं जळाली. बायका, मुलं, म्हातारी माणसं डोंगरांत आणि बेटांवर पळाली आणि तिथे उपाशी मरायला लागली. अमेरिकेतल्या लोकांनी हे वर्तमानपत्रांत वाचलं. शेतकऱ्यांनी धान्य दिलं, बायकांनी एकत्र बसून कपडे शिवले, आणि पिठाची पिंपं आणि कपड्यांची गाठोडी भरून जहाजं निघाली. सोबत माणसं गेली, त्यांना बजावून सांगितलं होतं की हे सैनिकांना द्यायचं नाही, सरदारांना द्यायचं नाही. ज्याला भूक लागली आहे त्याच्या हातात द्यायचं.

"हातात" म्हणताना सर स्वतःचा तळवा पुढे करायचे. इतका पुढे की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकायची.

वर्गात काहीही शिकवायला घेतलं तरी शेवट तिथेच व्हायचा. लोथलची गोदी काढली की गोदीत जहाज आलं, आणि जहाज आलं की ते बोस्टनहून निघालेलं असायचं. एकदा दांडीयात्रेच्या उत्तरात एका मुलीने ग्रीसमधल्या एजिना बेटाचा उल्लेख केला. मुख्याध्यापिकांनी सरांना पेपर घेऊन बोलावलं. सरांनी तिथेच उभ्याउभ्या उत्तर वाचलं आणि म्हणाले, "संदर्भ बरोबर आहे मॅडम," आणि खिशातलं पेन काढून अर्धा गुण वाढवला.

दर थंडीत आमची शाळा कामगारांच्या वसाहतींसाठी कपडे गोळा करायची. ते काम अर्थातच सरांचं. स्टाफरूमच्या कोपऱ्यात पिशव्यांचा ढीग पडायचा आणि मधल्या सुट्टीत सर एकेक कपडा उजेडात धरून बघायचे. शेजारी खजुराचा एक मोठा पत्र्याचा डबा असायचा. त्यात खजूर नव्हते, बटणं होती. सर जेवणाचा डबा खाऊन झाला की चष्मा कपाळावर चढवायचे आणि बटणं लावत बसायचे. टाका इतका बारीक की आमच्या शिवणाच्या बाई हळूच बघून जायच्या.

जे कपडे त्यांना पटायचे नाहीत ते परत जायचे. होय, परत. एकदा त्यांनी पिशवीतून जरीचा घागरा बाहेर काढला, दोन्ही हातांनी पसरून धरला आणि सगळ्या स्टाफरूमला विचारलं, "हा घालून कोण परांचीवर चढणार आहे, मला सांगा."

घागरा देणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या. "फुकट देतोय तर ह्यांचे नखरे!" असं म्हणत जिना चढल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

सर उठून उभे राहिले. "ताई, बसा. चहा घ्या. बटण नसलेला शर्ट दिला की आपण त्याला शर्ट देऊन नाही राहिलो, आपलं कपाट रिकामं करून राहिलो."

"पण त्या घागऱ्याला बटणं नव्हतीच!"

"तेच म्हणतो मी," सर म्हणाले. त्या बाई चहा पिऊन गेल्या. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मस्कतमध्ये पाऊस पडत नाही तरी ते रोज काळी छत्री घेऊन निघायचे, उन्हासाठी. शर्ट पांढरा, पूर्ण बाह्यांचा, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. शाळेची बस त्यांना चालायची नाही, कारण बसमध्ये मुलं इंग्रजीत बोलतात आणि त्यांच्याकडे बघून हसतात. म्हणून टॅक्सी. दार्सैत ते वादी कबीर या वाटेवरच्या कितीतरी टॅक्सीवाल्यांना त्यांनी हिंदीतून ग्रीस शिकवलं. बहुतेक जण "यल्ला, सर, स्कूल आ गया" म्हणून त्यांना उतरवायचे. एकाने मात्र सगळं ऐकून घेतलं, शाळेच्या दारात गाडी बंद केली आणि काळजीने विचारलं, "तो अब वो लोग ठीक हैं?"

सर त्या दिवशी दिवसभर खूश होते. "बाप्पा! मॅडम, इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. माझ्या गाइडनेसुद्धा."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं ना. हो, म्हटलं, ठीक आहेत."

आता पुराचं सांगते. वाळवंटात पूर येतो हे तुमच्या मित्रांना सांगून बघा, कुणी विश्वास ठेवणार नाही. वादी म्हणजे वर्षभर कोरडी असलेली नदी. इतकी कोरडी की लोक तिच्यात गाड्या लावतात. पण डोंगरात पाऊस झाला की ती घटकाभरात भरून येते आणि त्या गाड्या घेऊन जाते. काही वर्षांपूर्वी समुद्रावरून मोठं वादळ आलं तेव्हा आमच्या मागची वादी अशीच आली, भर दुपारी. आमच्या आवाराचं फाटक उताराकडे आहे. पाणी तिथून आत शिरलं आणि सरळ तळमजल्यावर गेलं.

आजोबा आणि मी जिन्यात धावलो. खालून सर वर येत होते, दोन्ही खांद्यांवर गाठोडी. ती त्यांनी आमच्या दारात टाकली आणि पुन्हा खाली गेले. पुन्हा गाठोडी आणली. मला वाटलं घरातलं सामान वाचवतायत. ती शाळेच्या कपड्यांची गाठोडी होती, बटणं लावायला घरी आणलेली. शेवटच्या खेपेला काखेत खजुराचा डबा होता. तोवर त्यांचं कपाट, गादी, पुस्तकं आणि तो अर्धा राहिलेला प्रबंध, सगळं गढूळ पाण्याखाली गेलं होतं.

"अहो, तुमचं काहीच नाही आणलंत?" आजोबा ओरडले.

"हे लोकांचं आहे ना," सर म्हणाले. ते कंबरेपर्यंत भिजले होते आणि कुडकुडत होते. गळ्याचं बटण लावलेलंच होतं.

मी गाठोडी सोडली आणि म्हटलं, यातलं काहीतरी कोरडं घाला आधी.

"नाही नाही. ज्यांच्याकडे काही नाही, त्यांच्यासाठी आहे ते."

आजोबांनी त्यांच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "सर," ते म्हणाले, "मग आता तुम्ही कोण?"

वर्गात, टॅक्सीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कधी न थांबणारे सर आमच्या उंबऱ्यात थांबले. आजोबांनी एक निळा चौकडीचा शर्ट काढून त्यांच्या हातात दिला. सरांनी सवयीने बटणं तपासली. वरून तिसरं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलं होतं, त्यांनी स्वतःच, गेल्या आठवड्यात.

"पक्कं आहे का?" आजोबांनी विचारलं.

"पक्कं आहे," सर म्हणाले आणि आत जाऊन शर्ट बदलला.

आम्ही त्यांना आमच्याकडेच राहा म्हटलं. नको म्हणाले. घरमालकांनी गच्चीवरची खोली उघडून दिली, जिथे जुन्या एसीची खोकी पडली होती. शाळेतही चिखल शिरल्याने शाळा बंद होती. तेव्हा मी इमारतीतल्या बायकांच्या पाळ्या लावल्या, रोज एका घरचा डबा वर जाईल. पाळ्या लावणं मला चांगलं जमतं, हे तुमची आई सांगेल. डबे वर जायला लागले. पण एकही डबा खाली येईना.

दुसऱ्या मजल्यावर रत्नागिरीच्या एक भाभी राहतात. त्यांच्या मिस्टरांचं सुक्या मासळीचं दुकान आहे, आणि त्यांच्या हातची माशाची आमटी खाल्ल्यावर माणूस थोडा वेळ बोलत नाही. त्या कमरेवर हात ठेवून माझ्या दारात आल्या. "मॅडम, माझा तिसरा टिफिन गेला तो गेलाच. आता पातेल्यात पाठवू का? सर जेवतात की डबे विकतात?"

"विचारते मी."

"विचारा. आणि आमटीत मीठ बरोबर होतं का तेही विचारा."

मी वर गेले. गच्चीच्या कठड्यालगत सगळे डबे मांडलेले होते. घासून, पुसून, उंचीप्रमाणे ओळीने, झाकणं उघडून उन्हात घातलेली. सर खोक्यावर बसून त्यांच्याकडे बघत होते, उत्तर न येणाऱ्या वर्गाकडे बघावं तसे.

"सर, हे काय? बायका डबे शोधतायत."

"रिकामे कसे पाठवू मॅडम? घरात चिमूटभर साखर नाही. घरच नाही."

मला हसू आलं. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आपल्याकडे सगळेच पाळतात. तुमची आई मेलबर्नमध्येसुद्धा शेजारच्या बाईंचा वाडगा बिस्किटं घालून देते. पण पुरात सगळं गेलेल्या माणसाने ते पाळावं? मी म्हटलं, "अहो, अशा वेळी कोण बघतं?"

"मी बघतो," सर म्हणाले. मग म्हणाले, "माझ्या आजीला गावच्या विहिरीवर पाणी वरून ओतायचे. ओंजळीत. भांड्याला हात लागू द्यायचे नाहीत. माझ्या आईने म्हणून नियम केला होता. कोणाचं भांडं आपल्या घरात आलं, तर ते भरूनच परत जाईल. कोणाला कमी समजायला जागा नको." त्यांनी एका डब्याचं झाकण उगाच सरळ केलं. "तुम्ही सगळ्या प्रेमानं देऊन राहिल्या, मला कळते. पण घेता येत नाही. बहीण म्हणते नागपूरला ये. शाळा उघडली की राजीनामा देतो आणि जातो."

"बहिणीचं घेता येईल?"

"तिला मी लहानपणी सायकलवर डबलसीट शाळेत सोडलं आहे. तिचं माझं चालून जाते."

इरा, विहिरीचं हे तुला एकटीला वाचून कळणार नाही. आईने नीट बसून सांगावं, घाईत नाही.

मी खाली आले. आजोबांना सगळं सांगितलं. ते खरंच हळहळले. दोघांचं रोज संध्याकाळी फाटकाशी भांडण व्हायचं, कधी क्रिकेटवरून, कधी ग्रीसवरून, आणि त्या भांडणाशिवाय आजोबांना जेवण जात नसे. "साखर मी देतो की त्याला," ते म्हणाले. "दोन किलो देतो. भरू दे डबे."

"आपणच साखर द्यायची आणि आपणच परत घ्यायची?"

"मग कर काहीतरी. तू एवढ्या पाळ्या लावतेस, याचंही बघ."

मी इतकी वर्षं त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसले, त्यांचं ग्रीस ऐकलं, वह्या तपासता तपासता हूं हूं केलं. त्याचा आता पहिल्यांदा उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गच्चीवर गेले आणि विचारलं, "सर, ते एजिना बेटावर डॉक्टरने काय केलं होतं?"

सर लगेच उभे राहिले. त्यांना उभ्यानेच शिकवता येतं. "तो बोस्टनचा तरुण डॉक्टर. बेटावर हजारो निर्वासित. पीठ वाटून राहिला, रांगा वाढून राहिल्या. त्यानं पाहिलं, नुसतं घेऊन घेऊन माणसं खाली मान घालून राहिली. बंदर तर मोडलेलं. मग त्यानं काम काढलं. दगड वाहा, बंदराचा धक्का बांधा, आणि कामाचं पीठ घेऊन जा. बाया-माणसं सगळी आली. आणि मॅडम, तो धक्का..."

ते थांबले. माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं.

"तुम्ही मला एजिना शिकवून राहिल्या?"

"तुम्हीच शिकवलंत."

"काम खोटं असेल तर नाही करणार. दयेनं काढलेलं काम म्हणजे पुन्हा वरूनच ओतणं."

"खोटं कशाला? फाटकाकडून पाणी पुन्हा येणार आहे. अर्बाब, म्हणजे आपले घरमालक, किती वर्षं नुसतं इन्शाल्ला म्हणतायत. आवारात वादीने आणून टाकलेले दगड पडलेत, तेही हलवायचेच आहेत. चला खाली, बघा आणि ठरवा."

धक्का म्हणजे बोटी लागतात ती दगडी भिंत. आपल्याला बोटी लावायच्या नव्हत्या, पाणी वळवायचं होतं, म्हणून आपला बांध. सर खाली आले. छत्रीच्या टोकाने उतार तपासला, फाटकाच्या दोन्ही बाजूंना फिरले, पाणी आलं ती रेघ भिंतीवर बोटाने दाखवली. मग बाह्यांची बटणं काढून त्या दुमडल्या. इतक्या वर्षांत त्यांचं कोपर आम्हाला पहिल्यांदा दिसलं.

आता मोठेपणा न देता सांगायचं तर सरांना दगड उचलता येत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी एक दगड पायावर पाडून घेतला आणि दोन आजोबांच्या पायावर. बांध त्यांनी सरळसोट रचला, कारण जुन्या चित्रात तसा होता. संध्याकाळी तो शांतपणे आडवा झाला.

"खाली रुंद, वर अरुंद," आजोबा म्हणाले. त्यांचा जन्म बांधकामांवर गेला आहे. "तुमच्या डॉक्टरने पुस्तकात लिहिलं नाही वाटतं."

"तो डॉक्टर होता, गवंडी नव्हता."

"तुम्ही तर डॉक्टरही नाही. प्रबंध अर्धाच राहिला."

"तोही वाहून गेला," सर म्हणाले, आणि दोघंही इतके हसले की भाभी गॅलरीत येऊन बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीतली सगळी माणसं खाली यायला लागली. सरांचा एकच नियम, दगड लावल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि हा नियम सगळ्यांना. भाभींनी आमटीचा डबा आणला तर त्यांच्याही हातात एक दगड दिला.

"सर, मी सकाळपासून चुलीपुढे आहे!"

"छोटा उचला."

"आमच्या कोकणात पाहुण्याला असं राबवत नाहीत," भाभी म्हणाल्या आणि चांगला मोठा दगड लावून गेल्या. जाताना विचारलंच, "आमटीत मीठ बरोबर होतं का?" सर म्हणाले, "थोडं कमी." त्या दिवसापासून त्या दोघांची मैत्री झाली, कारण बाकी सगळे घाबरून छान म्हणायचे.

सर जेवायला लागले. सगळ्यांमध्ये बसून, फाटकाच्या सावलीत, पाय पसरून. बांध गुडघ्याएवढा झाला तेव्हा अर्बाब आले. आमचे घरमालक इथल्याच सूर गावचे आहेत, बोलणं कमी, गाडी मोठी. ते गाडीतून उतरले, बांधाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एश हादा? ये क्या है?"

न विचारता दुसऱ्याच्या आवारात भिंत बांधायची, तीही परक्या देशात, हे मला आधी सुचायला हवं होतं. हातातला दगड खाली ठेवून सर पुढे झाले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. हिंदीत, पहिल्यापासून. तुर्क, जळालेली गावं, पिठाची पिंपं, अमेरिकेच्या बायका. आजोबांनी डोळे मिटून घेतले.

अर्बाब ऐकत राहिले. शेवटी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "यूनान? यूनान इधर दार्सैत में किधर से आया?"

"पानी के साथ आया," सर म्हणाले.

अर्बाब बांधाजवळ गेले. पायाने एक दगड हलवून पाहिला. तो हलला. त्यांनी मान हलवली. "ऐसा नहीं टिकेगा," म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. सर तिथेच उभे राहिले. खलास, असं मला वाटलं. उद्या हे विमानात बसणार.

संध्याकाळी एक पिकअप आली. आत सिमेंटच्या गोण्या, वाळू, आणि अर्बाबचा निरोप, म्हणे एक दगड मी स्वतः लावणार, माझ्यासाठी ठेवा. दुसऱ्या दिवशी ते आले, पांढरी डिशडाशा, म्हणजे त्यांचा पायघोळ झगा, वर धरून एक दगड लावला आणि सरांनी पुढे केलेल्या डब्यातली पोळी-भाजी उभ्यानेच खाल्ली. नियम तो नियम.

बांध पूर्ण झाला त्याच सुमारास शाळा उघडली. सर शाळेत गेले. मी दिवसभर कान देऊन होते. त्यांनी राजीनाम्याचा विषय काढला नाही. तिसऱ्या तासाला शेजारच्या वर्गातून आवाज आला, "...आणि मग जहाज बोस्टनहून निघालं..." मी माझ्या वर्गाला पुस्तक उघडायला सांगितलं आणि स्वतःचं चुकीच्या पानावर उघडलं.

पगार झाला त्या संध्याकाळी सरांनी इमारतीतले डबे परत केले. स्वतः, प्रत्येक मजल्यावर जाऊन, प्रत्येक दारात. डबे भरलेले होते, पण साखरेने नाही. गव्हाच्या पिठाने.

भाभी डबा घेऊन माझ्याकडे आल्या. "मॅडम, आमटीच्या टिफिनमध्ये पीठ? आता हे मी चाळू, की फोटो काढून लावू?"

"पोळ्या करा."

"करते. पण आधी सगळ्यांना दाखवते."

पुढच्या पावसात वादी पुन्हा आली. बांधाने सगळं अडवलं असं सांगितलं तर आजोबा मला खोटारडी म्हणतील. थोडं पाणी आलंच. तळमजल्यावरची पायपुसणी भिजली. बाकीचं पाणी बांधाला धडकून वळलं आणि आलं तसं वादीत गेलं. सर पायजमा वर धरून फाटकात उभे होते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, "वळलं बघा. वळून राहिलं."

त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत त्याच तळमजल्यावर राहिले. निघाले त्या दिवशी खजुराचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "बटणं तुम्हीच सांभाळा मॅडम. शिवणाच्या बाई चांगल्या आहेत, पण टाका मोठा घेतात." तो ठेवायला मी कपाट उघडलं, तेव्हा लक्षात आलं की आमचा एक डबा, मधला, कडीचा, कधी परतच आला नव्हता.

"सर, आमचा एक डबा तुमच्याकडे आहे."

"आहे ना. बॅगेत ठेवला आहे. रिकामाच."

"रिकामा?"

"आता चालते," सर म्हणाले. "तुमचं माझं चालून जाते." छत्री काखेत मारली आणि टॅक्सीत बसले. टॅक्सी वळेपर्यंत त्यांचा हात ड्रायव्हरच्या खांद्याशी हलताना दिसत होता. ग्रीस सुरू झालं होतं.

नील, तुझ्या शाळेने तो कोट अजून पाठवला नसेल तर परत माग. पाकिटात दोन निळी बटणं घातली आहेत. आईला सुईत दोरा ओवून दे म्हण, टाके तू घाल, आणि मग कोट दे. पिशवीत टाकू नकोस, कुणाच्या तरी हातात दे.

एजिनाचा धक्का अजून आहे असं सर सांगतात. मी पाहिलेला नाही. दार्सैतचा बांध आहे. आजोबा संध्याकाळी त्यावर बसतात, आणि भांडायला कुणी नसलं की नागपूरला फोन लावतात. बटणांचा डबा माझ्या कपाटात आहे. माझा कडीचा डबा नागपुरात आहे.

तुमची,
आजी